बोर्ड अजून बोलतोय

डिचोली, ऑक्टोबर, शनिवार रात्र

आजची सगळी दुपार मास्तरांच्या कॉम्प्युटरपाशी गेली. ऐन आषाढात आपल्याकडे पाऊस धो धो कोसळतो, पण गडगडाट फारसा नसतो. विजा येतात त्या मृगाच्या आधी आणि आता, पाऊस माघारी फिरताना. परवाच्या अशाच एका कडकडाटात मास्तरांचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, जळाला. दुकानात नवा बसवून घेतला. पंखे फिरू लागले, पुढचा दिवा लागला, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. "मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या," असं तिथं सांगितलं.

मास्तरांना मशीनचं काही पडलेलं नव्हतं. देवळाच्या उत्सवात बसवायच्या नाटकाची संहिता त्यात आहे, पावसाळाभर बसून टाईप केलेली. मी दारात पाऊल ठेवलं तोच म्हणाले, "बाय, नाटक गेलं काय गं?" म्हटलं, मास्तर, चित्र दिसत नाही म्हणून लिहिलेलं गेलं असं होत नाही. संहिता हार्ड डिस्कवर असते आणि डिस्क फिरल्याचा आवाज येतोय. वेळ पडली तर ती काढून दुसऱ्या मशीनला जोडू. तेव्हा कुठे ते खुर्चीत टेकले.

मॉनिटर आणि केबल माझ्या लॅपटॉपला लावून पाहिली, दोन्ही ठीक. मग कीबोर्डचं नम लॉक दाबलं. दिवा लागेना, विझेना. म्हणजे मशीन चालू होऊन फक्त चित्र अडलंय असं नव्हतं, सुरुवातीच्या तपासणीतच ते थांबत होतं. पंखा फिरतो म्हणजे सप्लाय ठीक, असं धरून चालत नाही. पंख्याला १२ व्होल्टची एकच लाईन लागते, बोर्डाला ५ आणि ३.३ सुद्धा हवे असतात. मल्टिमीटर लावला. १२ च्या लाईनवर ११.४ ते १२.६ एवढं चालतं, इथे सगळ्या लाईन मर्यादेत होत्या. प्रोसेसरजवळची चार पिनांची वेगळी वायरही पाहिली. ती राहिली तरी पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. ती नीट बसलेली होती.

मग प्लग काढून, पॉवरचं बटण दाबून धरून उरलीसुरली वीज उतरवली आणि एकेक वस्तू सोडवत गेले. ग्राफिक्स कार्ड, डीव्हीडी, डिस्क, दोन्ही रॅम (मेमरी). उरले बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा. बोर्डाच्या पिनांवर माझ्याकडचा छोटा स्पीकर लावला आणि चालू केलं.

लांब बीप. थांबून पुन्हा लांब बीप.

मला केवढा आनंद झाला! रॅम नाही म्हणून बोर्ड तक्रार करतोय. तक्रार करायला प्रोसेसर जिवंत लागतो, बायोसचा, म्हणजे सुरुवातीची तपासणी करणारा, प्रोग्राम चालावा लागतो. मेलेला बोर्ड गप्प राहिला असता. मास्तरांना म्हटलं, ऐका, हा अजून बोलतोय! मला या कामात सगळ्यात जास्त आवडते ती हीच जागा. एखादा भाग बदलून नशीब आजमावण्यापेक्षा सगळं काढून टाकावं आणि उरलेलं काय म्हणतं ते ऐकावं. पण दुकानात एवढी सवड काढत नाहीत, आणि चांगले बोर्ड भंगारात जातात याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पुढचं लवकर झालं. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या. आपल्या दमट हवेत त्यांवर थर चढतो, कधी कधी दुखणं तेवढंच असतं. पहिली रॅम कुठल्याही खाचेत घातली तरी तेच रडणं. दुसरी घातली, एक छोटी बीप, आणि बोर्डाच्याच व्हीजीएला (मॉनिटरच्या जोडणीला) लावलेल्या स्क्रीनवर कंपनीचं चित्र उमटलं. ग्राफिक्स कार्ड परत बसवलं, तेही चाललं. म्हणजे विजेनं एसएमपीएसबरोबर एक रॅम नेली, एवढंच. तारीख मागे गेली होती. ती सांभाळणारा बोर्डावरचा २०३२ नंबरचा सेल ३ व्होल्टचा असतो, हा बराच खाली उतरलेला, तोही बदलला.

विंडोज उघडताच मास्तरांनी आधी तिसरा अंक काढला आणि शेवटचा प्रवेश मोठ्याने वाचला. मी फाईलची एक नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, दुसरी त्यांच्या मुलीला मेल केली.

उरलेली रॅमही रात्रभर तपासली जावी म्हणून मेमटेस्ट लावून आले. एखादी जरी चूक दाखवली तरी तीही बदलायची. भिंतीच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटरने बरेच व्होल्ट दाखवले, एक-दोनाच्या वर ते नसावेत. अर्थिंगचा खड्डा जांभ्यात आहे, अर्थ नीट लागत नसणार. सोमवारी वायरमनला घेऊन जायचं, आणि तोवर ढग गडगडले की प्लग काढायचा, असं मास्तरांना बजावलंय.