दूध आलं होतं का?

तालुक्याच्या रुग्णालयात माझी रात्रपाळी होती. साडेअकराच्या सुमारास एका बाईंना जीपमधून आणलं. वय ३८, दिसायला पन्नाशीच्या पुढच्या. दोन दिवस जुलाब-उलट्या, आता हाकेला ओ देत नव्हत्या. साखर ४२, बीपी ८०/५०. सिस्टरनी शिरेतून ग्लुकोज दिलं तसे डोळे उघडले, पण दोन बाटल्या सलाइन जाऊनही बीपी वर येईना.

एप्रिलचा उकाडा, आणि बाईंच्या अंगात स्वेटर. थर्मामीटर लावताना सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, काखेत एक केस नाही." मी चेहरा निरखून पाहिला. भुवया विरळ, कातडी फिकट, ओठांभोवती बारीक सुरकुत्या.

सासूबाई उशाशी बसल्या होत्या.

"आजी, यांची पाळी कधी बंद झाली?"

"नातवाच्या बाळंतपणानंतर आलीच न्हाई. चौदा वर्सं झाली."

"तेव्हा रक्त खूप गेलं होतं?"

"चार पिशव्या चढवल्या. वाचली हेच लई."

"आणि दूध आलं होतं का?"

आजी खाली बघायला लागल्या. "थेंब न्हाई. शेळीच्या दुधावर वाढवला पोराला. बाया म्हणायच्या, हिला मायाच न्हाई."

निदान तिथेच झालं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. गरोदरपणात, दूध आणणाऱ्या पेशी वाढल्यामुळे ती फुगते. तिचा रक्तपुरवठा मात्र त्या मानाने वाढत नाही. बाळंतपणात रक्तस्राव होऊन बीपी कोसळलं की ग्रंथीचा पुढचा भाग मरू शकतो. शीहान या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३७ साली हे मांडलं, म्हणून हा शीहान सिंड्रोम. दूध नाही, पाळी नाही, थंडी सोसवत नाही: सगळं एकाच ग्रंथीमुळे. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींनाही तिचाच हुकूम लागतो. तो नसेल तर कॉर्टिसोल, म्हणजे आजारपणात शरीराला तोलून धरणारं संप्रेरक, पुरेसं तयार होत नाही. एरवी माणूस रडतखडत चालतं, पण साध्या जुलाबातही जिवावर बेततं. ॲड्रिनलच बिघडली असती तर कातडी काळवंडली असती; इथे उलट होतं.

तपासणीसाठी रक्त काढून ठेवलं आणि निकालाची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधातलं कॉर्टिसोल, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. पहाटे चारला बीपी ११०. सकाळी बाईंनी चहा मागितला.

फाइलमध्ये तीन वर्षांपूर्वीचा कागद होता. 'टीएसएच नॉर्मल, थायरॉइड नाही,' असा शेरा आणि रक्तवाढीच्या गोळ्या. मला ते फार लागलं. टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, आणि ते पिट्युटरीच बनवते. ती मेलेली असताना तो आकडा नॉर्मल दिसला तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. सोबत थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, टी-४, बघावं लागतं. आमच्या तपासणीत ते तळाला होतं, कॉर्टिसोलही. तरी थायरॉक्सिन, म्हणजे टी-४ची गोळी, मी चार दिवसांनीच सुरू केलं. कॉर्टिसोलची भरपाई होण्याआधी ते दिलं तर रुग्ण पुन्हा कोसळू शकतो.

घरी सोडताना आजींना बाजूला घेतलं. "आजी, दूध आलं नाही त्यात हिचा काही दोष नव्हता. दूध आणणारी ग्रंथीच त्या रक्तस्रावात गेली." त्या काही बोलल्या नाहीत.

मग कॉर्टिसोलच्या गोळीबद्दल मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ही गोळी एक दिवसही बंद करायची नाही. ताप आला तर दुप्पट. उलट्या झाल्या तर ताबडतोब दवाखान्यात, इंजेक्शनसाठी.

आजींनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी घालून कनवटीला खोचला आणि सुनेचा हात धरून तिला जीपकडे नेलं.