पावसाळ्यात सातेरीची वसाहत टिकवताना: माझा अनुभव

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हे सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाशीच्या, उपासमारीचे महिने. जांभूळ, हिरड्याचा फुलोरा संपलेला असतो आणि पावसाची झड लागली की माश्यांना बाहेरही पडता येत नाही. या दिवसांत पेटी सोडून जाणाऱ्या वसाहती बहुतेक वेळा उपासमारीने आणि मेणकिड्याने (पोळ्याचे मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळीने) जातात, पावसाने क्वचितच. त्यामुळे माझा सगळा भर जागा आटोपशीर ठेवण्यावर आणि साखरेचा पाक नियमित देण्यावर असतो.

मृग लागायच्या आत मी मधकोठी, म्हणजे मध साठवायचा वरचा कप्पा, उतरवतो. पिलावा कोठीतल्या (अंडी-अळ्या वाढतात त्या खालच्या कप्प्यातल्या) ज्या पोळ्यांच्या चौकटींवर दोन्ही बाजूंनी माश्या दाट बसलेल्या नसतील त्याही काढतो. माश्यांनी न झाकलेले पोळे म्हणजे मेणकिड्याला आयती जागा. चार चौकटींपुरत्या माश्या असतील तर चारच चौकटी ठेवायच्या आणि पुढे आडफळी (उरलेली जागा बंद करणारी फळी) लावायची. काढलेली काळी, जुनी पोळी वितळवून मेण करायचे. चांगली पोळी बंद पेटीत गंधकाची धुरी देऊन ठेवतो. धुरीने अळ्या मरतात पण अंडी वाचतात, म्हणून पंधरा दिवसांनी धुरी पुन्हा द्यावी लागते. वापरण्याआधी ही पोळी वाऱ्यावर नीट मोकळी करायची.

पेटीची मागची बाजू बोटभर उंच ठेवली की दारातून आत आलेले पाणी बाहेर वाहून जाते. दार दोन-तीन माश्या जातील एवढेच ठेवायचे. पेटीवर प्लास्टिक घालायला हरकत नाही, पण चारही बाजूंनी घट्ट गुंडाळले तर आत दमटपणा साचून पोळ्यांना बुरशी धरते.

पाकासाठी 1 किलो साखरेला 1 लिटर पाणी. पाणी उकळून खाली उतरवायचे आणि मग साखर विरघळवायची. साखर करपली तर माश्यांना हगवण लागते. गुळाचेही तेच. चार चौकटींच्या वसाहतीला मी आठवड्यातून दोनदा, दर वेळी साधारण 200 मिली पाक देतो. एकदम जास्त दिला तर तो आंबतो. बरणीच्या झाकणाला बारीक खिळ्याने पाच-सहा भोके पाडून ती चौकटींच्या वर उपडी ठेवायची आणि भोवती रिकामी कोठी लावायची. बरणी काठोकाठ भरायला हवी, कारण अर्धवट भरलेल्या बरणीतली हवा दुपारच्या उबेने फुगते, पाक ठिबकतो आणि मुंगळ्यांची रांग लागते. पाक नेहमी अंधार पडताना आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी द्यायचा. दिवसा दिला तर वास लागून बलवान वसाहत शेजारच्या दुबळ्या वसाहतीला लुटते. बाजारातला किंवा दुसऱ्याच्या पेटीतला मध मात्र कधीही द्यायचा नाही, त्यातून रोग येतो.

उघडीप मिळाली की तळपाट (पेटीच्या तळाची फळी) खरवडायचा. त्यावर मेणाचा भुसा आणि काळे बारीक दाणे दिसले तर मेणकिडा आत शिरलेला आहे असे समजावे. मग पोळे उन्हाकडे धरून जाळीचा बोगदा शोधायचा आणि तेवढा भाग कापून टाकायचा.

तपासणीत मी राणी शोधत बसत नाही. पोळ्याच्या घरात एकेक उभे अंडे दिसले की पुरे: ते त्याच किंवा आदल्या दिवशीचे असते, म्हणजे राणी आहे आणि घालतेही आहे. अंडी-अळ्या दोन्ही नाहीत आणि परागही येत नाही, ही वसाहत निघण्याच्या तयारीत असल्याची खूण. अशा वेळी दाराला राणीजाळी (कामकरी माश्या जातील पण राणी जाणार नाही अशी जाळी) लावून दुसऱ्या निरोगी वसाहतीतली लहान अळ्यांची एक चौकट द्यावी. अळ्या असल्या की माश्या सहसा थांबतात. राणी पुन्हा अंडी घालू लागली की जाळी काढायची.

अळ्या मात्र नीट पाहूनच द्याव्यात. घरात डोके वर करून ताठ मेलेली अळी चिमट्याने उचलल्यावर पाण्याच्या पिशवीसारखी लोंबली, तर तो थाई सॅकब्रूड, अळ्यांना होणारा विषाणूजन्य रोग. त्यावर औषध नाही. त्या पेटीतली चौकट दुसरीकडे द्यायची नाही, वसाहत जोडायची नाही आणि हत्यारे धुतल्याशिवाय पुढच्या पेटीला हात लावायचा नाही.

पाऊस ओसरून पराग येऊ लागला की पिलाव्याशेजारी एकेक चौकट वाढवतो. कारवी (काही वर्षांतून एकदाच फुलणारे झुडूप) फुलण्याच्या वर्षी ही वेळ लवकर येते, तेव्हा डोळा ठेवावा. मधकोठी चढवण्याआधी पाक पूर्ण बंद करायचा आणि पिलाव्याच्या कडेला साठलेला पाक माश्यांना खाऊ द्यायचा, नाहीतर तोच वर चढवला जातो आणि मधात साखर सापडते.