तिची कन्नी

१२ जानेवारी, नागपूर

पतंग विकत घेताना माझी जुनी मैत्रीण आधी तो डोक्यावरून ओढायची. उभी काडी केसांवर टेकवून हलकेच दाबली की तिला जरासा बाक येतो आणि वर गेल्यावर कागद हवा नीट धरतो. काडी कुठे कच्ची असली तर तिथेच कळतं, कारण बाक गोल येत नाही, एका जागी कोन पडतो. असा पतंग ती दुकानदाराच्या हातात परत ठेवायची. तो कुरकुरला तर म्हणायची, “काका, याची कंबर दुखून राहिली, दुसरा द्या.” जुनी शुक्रवारी या पतंगबाजाराच्या गर्दीत पोरांमध्ये ती एकटीच पोरगी असायची, पण तिच्यासमोर आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती.

संक्रांत आली की आमच्या महाल भागातल्या सगळ्यांना तिची आरोळी आठवते. “ओ काऽऽट” म्हणाली की चिटणीस पार्कापर्यंत ऐकू जाईल असा गळा होता. मला मात्र तिची कन्नी, म्हणजे मांजा जोडण्यासाठी पतंगालाच बांधायचा दोरा, आठवते, कारण तिची खरी हिंमत त्या निगुतीत होती.

आडवी वाकवलेली कमान आणि उभी काडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन छिद्रं, आणि खाली काडीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शाजवळ दोन. छिद्र उदबत्तीच्या टोकाने पाडायचं. सुईने पाडलं तर कागद तिथूनच फाटत जातो. दोरा दोन्हीकडे पक्का बांधायचा आणि मधली गाठ मारताना खालचा पदर वरच्यापेक्षा अर्धं बोट लांब ठेवायचा. सगळी गंमत त्या अर्ध्या बोटात आहे. वरचा पदर लांब राहिला तर पतंग छातीवर हवा घेतो, हाताला ओढ तर लागते, पण तो जागच्या जागी गरगर फिरतो, चढत नाही. खालचा फारच लांब झाला तर मान टाकतो आणि दोरा ढिला पडतो. गाठ मारून झाली की ती पतंग कन्नीला धरून लटकवायची आणि एक डोळा मिटून बघायची. तेवढा वेळ कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. “काहून घाई करून राहिली बे?” हे वाक्य मी तिच्याकडून किती ऐकलंय!

उडवल्यावर पतंग उजवीकडे कलला तर डाव्या टोकाला कागदाची चिंधी. आधी करंगळीएवढी, मग लागेल तशी. एकदम मोठी लावली की तो उलट्या बाजूला झुकतो.

मांज्यासाठी नऊ तारी सुती दोरा असे. लुगदी मऊ भाताची, तीत शिरस (चिकटवायचा सरस), रंग आणि मलमलीतून चाळलेली काच. काच जाडसर राहिली तर आपलाच दोरा कापते, आणि ओला मांजा गुंडाळला तर चक्रीवर चिकटून बसतो. आज मात्र मी कुणाला काच लावायला सांगणार नाही. पाखरांचे पंख सुती दोऱ्यावरच्या काचेनेही कापले जातात. पाखरं घराकडे परतायच्या वेळेआधी पतंग उतरवायचा, हा तिचा नियम तेव्हाही होता.

दुसऱ्या पतंगाशी पेच लागला की ती ढील द्यायची, म्हणजे दोरा सोडत राहायची. पळत्या दोऱ्यावर घर्षण एका जागी बसत नाही; थांबला की तिथेच कटतो. म्हणून चक्री धरणाऱ्याचं काम मोठं. दोन्ही तळहातांवर मोकळी फिरली पाहिजे. चक्री अडकली की पेच गेलाच, आणि मग तिची बोलणी खायची तयारी ठेवायची.

हे सगळं नायलॉन यायच्या आधीचं. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि सगळ्या सिंथेटिक मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला गळे चिरल्याच्या बातम्या येतातच. सुती दोरा ताण आला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, म्हणूनच तो माणसाच्या गळ्यात रुततो. ती इथे असती तर असा मांजा विकणाऱ्याशी भर रस्त्यात भांडली असती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

तिचा माझा संबंध भांडून तुटला नाही. लग्न झालं, गाव बदललं, पत्रं विरळ होत थांबली. माझ्या जुन्या वहीत तिच्या माहेरचा सहा आकडी नंबर आहे. पुढे नागपूरच्या नंबरांआधी २ लागून ते सात आकडी झाले, तसाही लावून पाहिला. तो आता लागत नाही. बाई हरवली की शोधणं दुप्पट कठीण, कारण माहेरच्या नावाने शोधून कुणी सापडत नाही आणि सासरचं आडनाव मला कधी नीट कळलंच नव्हतं. वाडाही पाडला. पण त्यांच्या शेजारच्या काकू अजून महालातच राहतात आणि लग्नाची पत्रिका त्या जपून ठेवणाऱ्यांपैकी आहेत. उद्या भोगी आहे. बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी घेऊन त्यांच्याकडे जाते, आणि पत्रिकेवरचं सासरचं आडनाव आणि गाव उतरवून आणते.