स्टेप, नेक्स्ट, फिनिश

हिंजवडीच्या सहाच्या ट्रॅफिकपेक्षाही हळू सरकणारं काम: जीडीबी या डीबगरच्या (प्रोग्राम थांबवत-थांबवत तपासायचं साधन) स्टेपिंग कमांडच्या, म्हणजे कोड टप्प्याटप्प्याने पुढे नेणाऱ्या स्टेप, नेक्स्ट, फिनिशच्या ऑटोमेटेड टेस्ट. आजच्यातलं कामाचं तेवढं टाकतोय.

टेस्टमध्ये ओळ क्रमांक थेट लिहू नका. सोर्समध्ये वर हेडरची एक ओळ वाढली की सगळं कोसळतं. सोर्समध्ये कॉमेंटची खूण ठेवा, क्रमांक स्क्रिप्टला शोधू द्या.

खरी चिवट भानगड फंक्शनमधून बाहेर पडतानाची. समजा ओळ आहे 'बेरीज = मोज(३);'. 'मोज'च्या आत असताना फिनिश (चालू फंक्शन संपवून बाहेर ये) दिलं की डीबगर कॉलच्या लगेच पुढच्या इन्स्ट्रक्शनवर थांबतो. उत्तर 'बेरीज'मध्ये साठवणं अजून बाकी असतं, म्हणून तीच ओळ पुन्हा दिसते आणि व्हेरिएबलमध्ये जुनीच किंमत. हा बग नव्हे, उगाच तिकीट टाकू नका! फंक्शन काहीच परत देत नसेल तर मात्र थेट पुढची ओळही दिसू शकते. ते प्रोसेसर आणि कंपायलरवर ठरतं. तिथे टेस्टने दोन्ही उत्तरं मान्य करावीत.

स्टेप फंक्शनच्या आत शिरत नाही? त्या फंक्शनची डीबग माहिती (मशीन कोड सोर्सच्या कुठल्या ओळीचा ते सांगणारी) आहे का बघा. नसेल तर स्टेप ते ओलांडूनच जातं.

कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायला तो करतो ते फेरफार) बंदच ठेवा, नाहीतर ओळी मागेपुढे उड्या मारतात. आणि लॉगमध्ये चाळीस फेल दिसले तरी पहिलाच वाचा. एक स्टेप चुकली की पुढच्या सगळ्या एकेक ओळ घसरतात.