वाहनतळापुढची रांग: मोजणीपासून अधिसूचनेपर्यंत आमचा अनुभव

बाजारपेठेतल्या पालिकेच्या वाहनतळापुढची रांग चौकाला भिडली की प्रत्येक जण एकच उपाय सांगतो: जागा कमी पडते, आणखी एक मजला चढवा. व्यापारी संघातर्फे आम्ही पालिकेला दिलेला पहिला अर्जही हाच होता. तो मागे घेतला, कारण मोजणी केल्यावर चित्र वेगळं निघालं. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चारचाकीच्या 240 जागा. शनिवारी संध्याकाळी साडेसातला रस्त्यावर नऊ-दहा गाड्या ताटकळत होत्या आणि त्याच वेळी वर 38 जागा मोकळ्या होत्या, बहुतेक तिसऱ्या मजल्यावर. अडचण जागेची नव्हती, दाराची होती. ज्यांच्या गावात असाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी सगळं तपशिलात लिहितो आहे.

मोजणीचा दिवस नीट निवडा. पितृपंधरवड्यात मोजू नका, खरेदी थंड असते. दिवाळीच्या आठवड्यातही नको, कारण तो आकडा वर्षभराला लागू होत नाही. आम्ही साधा बुधवार, आठवडे बाजाराचा दिवस आणि शनिवार घेतला, प्रत्येकी संध्याकाळी सहा ते नऊ.

फाटकावर एक माणूस क्लिकर (दाबलं की आकडा एकने वाढवणारं छोटं यंत्र) घेऊन उभा करायचा आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा. पण फक्त आत गेलेल्या गाड्या मोजल्या तर फाटकाची ताकद कळते, मागणी कळत नाही. बहुतेकांची मोजणी इथेच फसते. रांगेत थांबून कंटाळून निघून गेलेल्या गाड्या वेगळ्या रकान्यात लिहाव्या लागतात. आमच्याकडे त्यातल्या बऱ्याच गाड्या पुढच्या गल्लीला वळसा घालून पुन्हा त्याच रांगेत येत होत्या. नंबरचे शेवटचे चार आकडे टिपल्यामुळे ते लक्षात आलं, नाहीतर एकच गाडी दोनदा मोजली गेली असती.

रांगेची लांबी डोळ्यांनी अंदाजे सांगू नका. फाटकापासून फुटपाथच्या कडेला दर सहा मीटरवर खडूची खूण करा. उभ्या रांगेत एक गाडी आणि तिच्या पुढची फट मिळून साधारण तेवढीच जागा लागते. मग शेवटची गाडी कितव्या खुणेवर आहे एवढं दर पाच मिनिटांनी लिहिलं की झालं. पाऊस असेल तर खडूऐवजी ऑइल पेंटचा ठिपका.

तिसरी मोजणी रस्त्यावरच्या पार्किंगची. वाहनतळापासून 200 मीटरपर्यंतच्या सगळ्या रस्त्यांवर दर अर्ध्या तासाने फेरी मारून उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे लिहायचे. एकच आकडा सलग सहा फेऱ्यांत दिसला तर ती गाडी ग्राहकाची नाही, दुकानदाराची किंवा त्याच्याकडे काम करणाऱ्याची आहे. ही यादी संघाच्या बैठकीत वाचून दाखवली तेव्हा खोलीत शांतता पसरली. सगळ्यात सोयीच्या जागा आमच्याच सभासदांनी सकाळपासून अडवलेल्या होत्या. हे आधी मान्य केल्याशिवाय पालिकेकडे जाण्यात अर्थ नव्हता.

आता फाटकाचा हिशोब. स्टॉपवॉच लावून तीस गाड्यांची वेळ घेतली. काच खाली करणे, दर विचारणे, पैसे काढणे, सुट्टे शोधणे, पावतीवर नंबर लिहिणे, पावती फाडणे, बूम (फाटकाचा आडवा दांडा) वर जाणे. सरासरी 24 सेकंद. म्हणजे तासाला 150 गाड्या. शनिवारी येणाऱ्या गाड्या तासाला सुमारे 135. दीडशेची ताकद आणि एकशेपस्तीस गाड्या, मग रांग का लागावी? कारण गाड्या एकसारख्या अंतराने येत नाहीत. सिग्नल सुटला की पाच एकदम येतात, आणि एखाद्याच्या पाचशेच्या नोटेपायी दीड मिनिट जातं. रांगेच्या गणितात ताकदीच्या 90 टक्के भार पडला की सरासरी नऊ गाड्या अडकलेल्या असतात. सहा मीटरने धरल्या तर 54 मीटर. चौक तिथून तेवढाच लांब होता.

हीच वेळ 15 सेकंदांवर आणली तर ताकद तासाला 240 होते, भार 56 टक्क्यांवर येतो आणि अडकलेल्या गाड्या सरासरी एक-दीडवर. एका गाडीमागे नऊ सेकंद वाचवले की 54 मीटरची रांग जवळजवळ संपते. हा हिशोब एका पानावर मांडून शहर अभियंत्यांना दिला, आणि पूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त उपयोग त्या एका पानाचा झाला.

जागांचा हिशोब त्याहून सोपा आहे. तासाला 135 गाड्या आणि प्रत्येकीचा मुक्काम सरासरी दीड तास, तर एका वेळी 202 जागा भरलेल्या राहणार. 240 पैकी 202 म्हणजे 84 टक्के. पार्किंगच्या अभ्यासात अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड शूप यांच्यामुळे 85 टक्क्यांची खूणगाठ रूढ झाली आहे. साधारण सातातली एक जागा मोकळी असावी, म्हणजे आलेल्याला शोधत फिरावं लागत नाही. आमचं वाहनतळ त्या रेषेच्या आत होतं. नवा मजला बांधला असता तरी रांग तशीच राहिली असती.

वेळ कमी करायची म्हणजे आत येताना पैसे घ्यायचेच नाहीत. आत येताना फक्त वेळ छापलेलं टोकन, पैसे नंतर. पण हे पैसे बाहेरच्या फाटकावर घेतले तर तीच रांग उलट बाजूला लागते. बाहेर निघणाऱ्या गाड्या तुंबल्या की उतार भरतो आणि आत येणाऱ्यांचीही वाट अडते. आम्हाला पहिल्या आठवड्यात नेमकं हेच झालं. म्हणून पैसे भरण्याचं टेबल जिन्याच्या तोंडाशी हलवलं. माणूस खरेदी करून परत येतो, चालता चालता पैसे देतो, टोकनवर शिक्का घेतो, गाडी काढतो आणि फाटकावर नुसतं टोकन टाकतो. क्यूआर कोडने घाई होते असा सगळ्यांचा समज असतो. फाटकावर उलट वेळ जातो: स्कॅन, रक्कम, पिन, मग डबीतून आवाज येईपर्यंत थांबणं, आणि तळघरात रेंज नसेल तर तेही नाही. चालत येणाऱ्या माणसाने जिन्यापाशी क्यूआर वापरला तर मात्र कोणाचं काही अडत नाही. दर सुट्ट्यांच्या भानगडीत न पडणारा ठेवा. पंधरा रुपये नको, वीस ठेवा.

फाटकाची जागाही बघा. बूम अगदी रस्त्याच्या कडेला असेल तर पहिलीच थांबलेली गाडी रस्त्यावर असते. आमचा बूम 25 मीटर आत नेला आणि रांगेतल्या चार गाड्या रस्त्यावरून आत आल्या. मात्र चढावर बूम लावू नका. हँडब्रेक, क्लच, गाडी मागे सरकणे, मागच्याचा हॉर्न, आणि वाचवलेले सेकंद तिथेच जातात.

दुचाकींचं दार वेगळं हवं. चारचाकीची जागा 2.5 बाय 5 मीटर, दुचाकीची 1 बाय 2 मीटर, म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशोबाने एक मोटार म्हणजे सहा दुचाकी. पण एकाच फाटकातून दोन्ही जात असतील तर दुचाकी रांगेच्या कडेने पुढे येऊन बूमपाशी गोळा होतात आणि तिथला माणूस गोंधळतो. दीड मीटरची वेगळी वाट काढून दुचाकी तळमजल्यावर ठेवल्या, मोटारी सरळ वर.

वर जायला लोक तयार नव्हते, त्याची कारणं साधी होती. तिसऱ्या मजल्यावर दोनच ट्यूबलाइट चालू, लिफ्ट बंद, जिन्याला वास. पहिल्या मजल्यावर कोणी डिकी उघडताना दिसला की मागचा चालक ती जागा सुटेल म्हणून मधल्या वाटेत थांबून राहायचा आणि त्याच्यामागे उतारापर्यंत सगळे अडकायचे. दिवे, जिन्याची रोज दोनदा सफाई, खांबांना मजल्यागणिक वेगळा रंग, आणि गर्दीच्या वेळी पहिल्या मजल्यावर एक माणूस जो फक्त हाताने वर दाखवतो. खर्च किरकोळ, पण पालिकेकडून वाहनतळ चालवायला घेतलेला ठेकेदार करत नव्हता.

तो का करत नाही हे करार पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, सोबत 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘वाहनतळाबाबत सर्व माहिती’ असं मागू नका, अर्ज परत येतो. करारनामा, त्याच्या अटी व शर्ती आणि दरपत्रक यांच्या साक्षांकित प्रती, एवढंच लिहा. आमच्या करारात ठेक्याची वार्षिक रक्कम, दर आणि दंड होता. फाटकावर किती वेळात गाडी आत घ्यायची किंवा किती दिवे चालू ठेवायचे याबद्दल एक ओळ नव्हती. नव्या निविदेत ती कलमं घालून घेतली. ठेक्याची मुदत संपायला सहा महिने असतानाच हा विषय काढा. निविदा निघाल्यावर काही बदलत नाही.

रस्त्यावरचा सगळ्यात मोठा अडथळा उजवं वळण. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात. समोरून येणारी मोटार वाहनतळात शिरायला उजवीकडे वळते तेव्हा ती समोरचा अख्खा प्रवाह तोडते आणि तिच्या मागचा प्रवाहही थांबवते. डावीकडून आत, डावीकडून बाहेर एवढंच ठेवायचं आणि दुभाजकातली फट बंद करायची. लगेच सिमेंट ओतू नका. पाणी भरलेले प्लास्टिकचे बॅरिकेड ठेवून दोन आठवडे बघा. वळसा लांब पडला की दुचाकी उलट दिशेने घुसतात, आणि मग उपाय रांगेपेक्षा धोकादायक ठरतो. आम्हाला बॅरिकेड 40 मीटर सरकवावे लागले.

पण हे सगळं करूनही रस्त्यावर उभं राहणं फुकट आणि वाहनतळात पैसे, असं असेल तर माणूस आधी रस्त्यावरच घिरट्या घालणार. दर उलटे हवेत: रस्त्यावर महाग, आत स्वस्त. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासून हे करून पाहिलं, रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याचा दर तिथल्या गर्दीप्रमाणे वरखाली करून. आपल्याकडे पुण्यात 2018 साली पालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, पण रस्त्यावर शुल्क घेण्याचा मुद्दा पुढे अडून राहिला. या मुद्द्यावर लोकांचा विरोध खरा असतो आणि तो ऐकून घ्यावा लागतो. आम्ही मागणी लहान ठेवली: फक्त वाहनतळाच्या 200 मीटरच्या आत, फक्त चारचाकी, आणि वाहनतळात पहिला अर्धा तास मोफत. औषध घ्यायला दहा मिनिटं थांबणाऱ्याची सोय झाली आणि विरोधाची धार कमी झाली.

‘वाहनतळ पूर्ण’ हा फलक दारावर लावून उपयोग नाही, शेवटच्या वळणाच्या आधी लावावा लागतो. तिथून दारापर्यंत चार मिनिटं लागत असतील तर तासाला 135 च्या वेगाने नऊ गाड्या वाटेतच असतात. म्हणून 240 जागा भरण्याची वाट न बघता 230 वर फलक फिरवायचा. आमचा फलक हाताने फिरवायचा आहे, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा. फाटकावरून फोन येतो आणि चौकातला वॉर्डन तो फिरवतो.

कागदोपत्री काम दोन कार्यालयांत विभागलेलं आहे हे आधी समजून घ्या. नो-पार्किंग, एकेरी वाहतूक, वळणबंदी यांचा आदेश वाहतूक पोलीस मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115, 116 आणि 117 खाली काढतात. फलक आणि पट्टे पालिका लावते. आदेश निघाला आणि फलक नाही, तर दंड टिकत नाही. फलक लागला आणि आदेश नाही, तरी तेच. आमचं प्रकरण या फटीत तीन महिने पडून होतं, प्रत्येक टेबलावर ‘दुसरीकडून पत्र येऊ द्या’. शेवटी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची जागेवर संयुक्त पाहणी मागितली आणि पाहणीचा अहवाल तिथेच लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. आधी प्रायोगिक तत्त्वावर तात्पुरता आदेश निघतो, हरकती आणि सूचना मागवल्या जातात, मग अंतिम. हरकतींच्या मुदतीत स्वतः दुकानोदुकानी जा. माल उतरवायची वेळ कोणती, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. आम्ही सकाळी दहाच्या आधीची वेळ आदेशातच घालून घेतली.

फाटकाशेजारी फळांच्या चार हातगाड्या होत्या. त्यांना परस्पर हलवा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. पथविक्रेत्यांच्या 2014 च्या कायद्यानुसार आधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि विषय शहर फेरीवाला समितीत जातो. त्यांना पैसे भरायच्या जिन्याजवळची जागा मिळाली. तिथे प्रत्येक मोटारवाला पायी येतो, त्यामुळे धंदा बसला नाही आणि फाटक मोकळं झालं. रस्त्यावरचे पट्टे पावसाळ्याच्या तोंडावर मारू देऊ नका. ओल्या किंवा धुळीच्या रस्त्यावर थर्मोप्लास्टिक (पट्ट्यांसाठी तापवून लावतात तो जाड रंग) धरत नाही, पापुद्र्यासारखं निघून येतं.

अंतिम अधिसूचना आली त्या आठवड्यात खडूच्या खुणा पिवळ्या ऑइल पेंटने पक्क्या करून घेतल्या. महिन्यातून एका शनिवारी साडेसातला शेवटची गाडी कितव्या खुणेवर आहे ते वहीत लिहितो. चौथ्या खुणेच्या मागे रांग गेली की त्या रात्री पुन्हा स्टॉपवॉच घेऊन फाटकावर उभं राहायचं. आजवर दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा जिन्यावरचं टेबल उचलून कोणीतरी परत फाटकावर आणून ठेवलेलं होतं.