आमची वाटचाल: होडीच्या फळीवरून सीसॉच्या फळीवर

हर्णै बंदराकडे जाणारा रस्ता सोडून खाडीच्या अंगाला वळलं की आमची शेड लागते. कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या खेळाची साधनं आम्ही इथे बनवतो. माझे सासरे, ज्यांना सगळी वाडी अण्णा म्हणते, त्यांनी याच जागेवर आयुष्यभर लाकडी होड्या बांधल्या. सागाच्या, ऐनाच्या, फणसाच्या फळ्या आणि फटींत ठासायचा कापूस, राळेचा वास. मी लग्न होऊन आले तेव्हा तो वास शेडमध्ये अजून होता, काम मात्र ओसरत चाललं होतं. फायबरची होडी हलकी, तिला दरवर्षीची डागडुजी कमी. मच्छीमारांनी ती घेतली यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पण अण्णांसारखा कसबी माणूस साठीत दाराच्या चौकटी ठोकत बसलेला आम्हाला बघवत नव्हता. नवऱ्याने जोडीला वेल्डिंग सुरू केलं: गेट, खिडक्यांच्या जाळ्या, टाक्यांचे स्टँड. घर चालत होतं, एवढंच.

कुत्री आमच्याकडे आली ती माझ्यामुळे. दापोली, मुरुड, आंजर्ल्याला मुंबई-पुण्याची माणसं कुत्र्यांना घेऊन फिरायला येऊ लागली होती आणि बऱ्याच होमस्टेंना कुत्रं नको असायचं. 2015 मध्ये मी शेडमागच्या माडाच्या वाडीत चार पिंजरे घालून दिवसभर कुत्री सांभाळायला सुरुवात केली. त्यातल्याच एका पाहुण्याने, जो पुण्यात कुत्र्यांना एजिलिटी शिकवतो, अण्णांचं रंधाकाम बघितलं आणि विचारलं, “सीसॉ करून द्याल का?”

एजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. 1978 मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरायला घोड्यांच्या उड्यांच्या धर्तीवर हा खेळ दाखवला आणि तो जगभर गेला. त्यात उड्या आहेत, बोगदा आहे, दोन उतरणींचा ए-फ्रेम आहे, उंच अरुंद पूल आहे, ओळीने रोवलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी जाणं आहे. आणि सीसॉ आहे, जो भित्र्या कुत्र्याची खरी परीक्षा घेतो, कारण पायाखालची जमीन हलते असं एवढं एकच साधन त्यात आहे.

पाहुण्याने मापं लिहून दिली. फळी 3.6 ते 3.8 मीटर लांब, 30 सेंटीमीटर रुंद, मधल्या आधाराशी उंची 60 सेंटीमीटर. दोन्ही टोकांचे 90 सेंटीमीटर वेगळ्या रंगात, तिथे कुत्र्याचा पाय लागलाच पाहिजे. या सगळ्यात अण्णांना आवडलेली गोष्ट शेवटची होती: खाली येणाऱ्या टोकाच्या रंगीत पट्ट्याच्या मधोमध एक किलोचं वजन ठेवलं की फळीने दोन ते तीन सेकंदांत जमिनीला टेकायला हवं. त्याहून लवकर टेकली तर कुत्र्याला धक्का, उशिरा टेकली तर हलकं कुत्रं वरच लटकून राहणार. अण्णांनी शेजारच्या मासळीवाल्या मावशींकडून तराजूतलं एक किलोचं लोखंडी वजन आणलं आणि दोन संध्याकाळी तो आस पुढे-मागे सरकवत बसले. नातवंड मोबाईलवर सेकंद मोजायचं. तिसऱ्या दिवशी फळी अडीच सेकंदांत इतकी अलगद बसली की अण्णा बराच वेळ काही बोललेच नाहीत. ते वजन मावशींना परत गेलंच नाही. त्यांना आम्ही नवीन घेऊन दिलं.

त्या एका सीसॉवरून तीन ऑर्डरी आल्या आणि आम्ही हाच धंदा करायचं ठरवलं.

पहिल्या पावसाने धडा दिला. मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, म्हणून आम्हाला एका व्यापाऱ्याने जो माल विकला त्याचे थर ऑगस्टमध्ये पापडासारखे सुटले. दोन ए-फ्रेम आम्ही पदरचे पैसे घालून बदलून दिले. तेव्हापासून मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, आयएस 710 चा, शिक्का स्वतः बघितल्याशिवाय ताव उचलत नाही, कापलेली प्रत्येक कड सीलरने दोनदा बंद करतो. इथल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड वर्षभरात फुलतं, म्हणून सांगाडा गॅल्वनाइज्ड पाइपचा आणि आसाचा बोल्ट खाऱ्या हवेत टिकणाऱ्या 316 स्टेनलेस स्टीलचा. पाय घसरू नये म्हणून रंगावर वाळू मारायची असेल तर समुद्राची कधीच वापरू नये. तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि रंग सोलून निघतो. आम्ही आता वाळूही सोडली. रबराचे बारीक दाणे चिकटवतो, कुत्र्याच्या तळव्यांना ते मऊ लागतात.

पण या वाटचालीतली मला सर्वांत जास्त बोलावीशी वाटणारी गोष्ट मालाची नाही. ती माझ्या चुकीची आहे.

2017 च्या डिसेंबरात एक तरुण जर्मन शेफर्ड आमच्याकडे पंधरा दिवस राहायला होता. अंगाने दांडगा, मनाने अगदी हळवा. त्याला सीसॉ शिकवून मालकांना चकित करावं असं मला वाटलं. पट्ट्याला धरून, गोड बोलत, तोंडासमोर चिकनचा तुकडा नाचवत मी त्याला फळीवर चढवलं. मध्यावर फळी कलली, टोक फरशीवर धाडकन आदळलं आणि त्याने बाजूला उडी घेतली. लागलं कुठेच नाही. पण पुढचे दहा दिवस तो त्या कोपऱ्याकडे फिरकला नाही. साध्या जमिनीवर टाकलेल्या फळीलाही वळसा घालून जायचा आणि शेवटी शेवटी माझ्या हातातलं चिकनही घेईना. आधी तो जिभेने सारखा नाक चाटत होता, झोप आलेली नसताना जांभया देत होता, तोंड फिरवून घेत होता. हे सगळं मला दिसत होतं आणि मी ते हट्ट समजले. नॉर्वेच्या तुरिद रुगास यांनी कुत्र्यांच्या या खुणांवर केलेलं काम मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर त्या पोराचे दहा दिवस वाचले असते.

अण्णा तेव्हा कट्ट्यावर बसून बघत होते. रात्री जेवताना म्हणाले, “अगो, नवी होडी पाण्यात ढकलत नाहीत. काठाला आणून ठेवतात, उधाणाची भरती येते आणि तिला आपसूक उचलते. तू त्याला ढकललंस.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या सीसॉचा आधार कापला आणि उंची 60 वरून 15 सेंटीमीटरवर आणली. आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी त्या दिवसापासून धरते. शर्यतीच्या मापाची साधनं बनवणारे बरेच आहेत. भित्र्या कुत्र्याला लागणारी बुटकी, आवाज न करणारी, हळूहळू वाढवता येणारी साधनं आमच्या पाहण्यात तरी कुणी बनवत नव्हतं. आज आमच्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी त्याच मापाच्या असतात.

मग 3 जून 2020 आला. निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागांचं काय केलं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमचे सतरा माड पडले, शेडचे पत्रे उडून खाडीपलीकडे सापडले. वीज किती दिवस नव्हती ते आठवायलाही नको वाटतं. आधीच टाळेबंदी, त्यात हे. तयार माल भिजून गेला. अण्णा मोडलेल्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसत आणि खिळे सरळ करत.

त्या वादळानंतर आमच्याकडे तांबू आली. शेजारच्या गावातल्या होमस्टेवाल्या वहिनींची गावठी कुत्री, रंगाने जांभ्या दगडासारखी. वादळात ती पत्र्याच्या पडवीखाली अडकली होती. तेव्हापासून भांडं पडलं, दार आपटलं, कुणी डबा ठेवला की ती पलंगाखाली जाई आणि तासन् तास बाहेर येत नसे. वहिनी म्हणाल्या, “शर्यत-बिर्यत नको गं ताई, तिने फक्त घरात नीट वावरावं.” आणि सीसॉ म्हणजे नेमका आदळणारा आवाज.

पहिला आठवडा आम्ही फळी जमिनीवर सपाट टाकली आणि तिच्या आसपास उकडलेल्या बांगड्याचे काटे काढलेले तुकडे विखरून दिले. खारवलेली सुकी मासळी कधी देऊ नका, मिठाने भरलेली असते. तांबूला पट्टा नव्हता. तिला वाटलं तर यावं, वाटलं तर जावं. जाणाऱ्या कुत्र्याला जाऊ दिलं की ते परत येतं, हे मी तिच्याकडून शिकले. पाचव्या दिवशी तिने एक पंजा फळीवर ठेवला, काढला, माझ्याकडे बघितलं. मी क्लिकर, म्हणजे कुत्र्याला ‘बरोबर’ सांगायला वाजवायची टकटक डबी, न वाजवता हळूच “शाब्बास” म्हणाले, कारण तिला क्लिकरच्या टकटकीचीही भीती होती.

नंतर फळीखाली अण्णांनी काथ्याची गुंडाळी सरकवली, फळी बोटभर डुलू लागली. आवाजाचं काम मात्र आम्ही फळीपासून अगदी वेगळं ठेवलं. वाडीच्या दुसऱ्या टोकाला नवरा एक पाट काथ्याच्या जाड गादीवर टाकायचा, येणारा ठप्प इतका मऊ की तांबूचा फक्त कान हलायचा, आणि त्याच क्षणी इकडे बांगडा. आवाज आधी, खाऊ लगेच नंतर. हा क्रम उलटा झाला तर खाऊच भीतीची सूचना होऊन बसतो. दर दोन दिवसांनी चार पावलं जवळ. ज्या दिवशी तिने खाल्लं नाही, त्या दिवशी आम्ही मागे गेलो. खाणं थांबलं की शिकणंही थांबलं, एवढं धरून चालावं.

दीड महिन्याने सीसॉची दोन्ही टोकं दोन बुटक्या टेबलांवर टेकवली. फळी कलायची ती जेमतेम चार बोटं. मग टोकाखालचं टेबल काढून गादी, गादीचा एकेक थर कमी. शेवटी तिला आम्ही टोक आपटायचा खेळ शिकवला: नवऱ्याने वर आलेलं टोक हाताने धरायचं, तांबूने पुढचे दोन पाय त्यावर ठेवून ते खाली दाबायचं. आवाज आता तिने स्वतः केलेला होता. पहिल्यांदा ठप्प झालं तेव्हा ती दोन पावलं मागे सरली, थांबली आणि परत येऊन पुन्हा दाबलं. वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझा हात घट्ट धरला.

अडीच महिन्यांनी ती पूर्ण उंचीचा सीसॉ चालत गेली. घरातली भांडी तिला अजून पूर्ण आवडत नाहीत, पण पलंगाखालून ती आता मिनिटाभरात बाहेर येते.

बोगद्याचं काम मानाने सोपं. तो 60 सेंटीमीटर व्यासाचा, एरवी तीन ते सहा मीटर लांब. तो दाबून हातभर केला, पलीकडून मालकाचं तोंड दिसलं की बहुतेक कुत्री जातात. फक्त दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पक्का बसवायचा. आत असताना बोगदा लोळला तर पुन्हा सहा महिने. आणि पिल्लांना कुठल्याही साधनाच्या पूर्ण उंचीवर आम्ही चढवत नाही. हाडांची वाढ पुरी व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, मोठ्या जातींना जास्त. कुणी घाई केली तर ऑर्डर घेत नाही, यावर नवऱ्याशी माझे वादही झालेत.

आज शेडमध्ये आम्ही घरचे तिघे आणि वाडीतली दोन मुलं काम करतो. भित्र्या कुत्र्यांसाठीच्या संचात 15, 30, 45 आणि 60 सेंटीमीटरचे आधार, काथ्याच्या तीन गाद्या आणि दोन बुटकी टेबलं जातात. प्रत्येक फळी निघण्याआधी अण्णा स्वतः तेच मासळीचं वजन ठेवून सेकंद मोजतात. त्यांचे हात आता थरथरतात, तरी हे काम ते दुसऱ्याला देत नाहीत.

एक काम मात्र राहून गेलं होतं. वादळानंतर घाईत आम्ही पुन्हा पत्रेच घातले होते. पावसाळ्यात त्या पत्र्यांवर सरी कोसळू लागल्या की आतली कुत्री थिजून जात आणि चार महिने शिकवणं बंद पडे. यंदा साठवलेले पैसे नव्या मशीनला न घालता आम्ही पत्रे उतरवले आणि मंगलोरी कौलं घातली. शेवटची ओळ बसली तेव्हा मे संपत आला होता. पहिली सर आली त्या दुपारी तांबू वहिनींबरोबर आली होती. तिने मान वर करून छपराकडे बघितलं, थोडा वेळ ऐकलं आणि अण्णांच्या खुर्चीखाली जाऊन झोपली.