टब विकता विकता पाण्याच्या मागे लागलो: आमची वाटचाल

आमचा धंदा हॉट टबांचा, म्हणजे गरम पाण्यात बसायचे, जेटमधून जोरात पाणी मारणारे टब. पण आमची सुरुवात टब विकण्यातून झाली नाही, रिपेअरिंगमधून झाली. दादाला पंप, मोटर, हीटर यांचं काम हातखंडा होतं आणि मी फोन, बिलं, गिऱ्हाईक सांभाळायचे, बाकी स्टाफ वगैरे काही नव्हताच. हीटर ट्रिप होतोय, जेटमधून जोरात पाणी येत नाही, पंप आवाज करतोय असे फोन यायचे, दादा जायचा, खोलायचा आणि बहुतेक वेळा परत येऊन एकच गोष्ट सांगायचा की मशीन चांगलं आहे गं, पाण्याने वाट लावलीये. हीटरच्या कॉइलवर क्षारांचा पांढरा कडक थर, कुठे उलट आम्लधर्मी पाण्याने धातू खाल्लेला, फिल्टर हाताला चिकट, सील कडक होऊन तडकलेलं. पार्ट बदलून द्यायचा, पैसे घ्यायचे आणि निघायचं हे जमत होतं, पण पाणी तसंच राहिलं की तोच पार्ट पुन्हा जाणार हे दिसत होतं आणि ते आम्हा दोघांनाही पटत नव्हतं. मग रिपेअरला गेलो की आधी पाणी तपासायला लागलो आणि तिथून धंद्याला वळण लागलं.

आता आम्ही नवीन टब विकतो, बसवून देतो, सर्व्हिसिंगही करतो. तरी आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो विचाराल तर नवीन मालकाला पाणी शिकवण्यात. आणि तो वेळ मला अजिबात वाया गेल्यासारखा वाटत नाही.

पहिला गैरसमज हाच असतो की हॉट टब म्हणजे छोटा स्विमिंग पूल, तेव्हा काळजीही छोटीच. खरं तर उलटं आहे. घरगुती टबात साधारण १००० ते १५०० लिटर पाणी असतं, साधासा पूलही ४०-५० हजार लिटरचा असतो. टबात चार माणसं बसली की त्यांचा घाम, अंगाचं तेल, क्रीम, केसांचं कंडिशनर हे सगळं त्या एवढ्याशा पाण्यात उतरतं, वर ते पाणी ३७-३८ अंशांवर, कधी ४० वर (४० च्या वर नेऊच नये, ती कमाल मर्यादा आहे). गरम पाण्यात क्लोरीन भराभर संपतं, जेटचे बुडबुडे त्यातलं आणखी थोडं हवेत घालवतात आणि नेमकी हीच ऊब जंतूंना मानवते. त्यामुळे पूलवाल्याला एखादा दिवस चुकलं तर चालून जातं, टबवाल्याला तेवढी सवलत नसते.

हे नुसतं पाणी हिरवं होण्यापुरतं नाही म्हणून मी यावर जरा जास्त बोलते. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे विक्रीसाठी मांडलेल्या व्हर्लपूल टबातून लिजनेला जंतू हवेत पसरले आणि किमान ३२ माणसं दगावली. त्या टबात कुणी अंघोळीला उतरलेलं नव्हतं हो, लोक नुसते शेजारून चालत गेले होते. जेट चालू असले की पाण्याचे बारीक तुषार उडतात, ते श्वासातून फुप्फुसात जातात आणि लिजनेला तिथे न्यूमोनिया करतो. २०१९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका जत्रेत आलेल्या लिजनेलाच्या साथीचाही मांडून ठेवलेल्या हॉट टबांशीच संबंध लागला. आम्ही शोरूममध्ये पहिला डेमो टब भरायचं ठरवलं तेव्हा हे सगळं वाचलं आणि तेव्हापासूनचा नियम आहे की डेमो टबाचं पाणी रोज सकाळी तपासायचं, आकडा वहीत लिहायचा आणि आकडा बरोबर नसेल तर जेट चालू करायचेच नाहीत, समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी. घरच्या टबात जास्त दिसणारा त्रास म्हणजे स्युडोमोनास नावाच्या जंतूचा, टबात बसल्यावर एक-दोन दिवसांनी अंगावर लाल खाजणारे पुरळ येतात, स्विमसूटच्या खाली जास्त. बहुतेकांचे आपोआप बरे होतात, पण पुरळ आले म्हणजे पाण्यात सॅनिटायझर, म्हणजे क्लोरीन-ब्रोमीनसारखं जंतू मारणारं औषध, कमी पडलंय हे समजून घ्यायचं.

आता नवीन टब. टब दारात आला की सगळ्यांना त्याच दिवशी भरून बसायचं असतं आणि ते मला कळतं. पण नवीन टब बहुतेक वेळा कारखान्यात पाणी भरून टेस्ट केलेला असतो, ते पाणी काढलं तरी पाइपांच्या वळणांत थोडं राहतंच आणि वाहतूक, गोडाऊन यात ते तिथे मुरतं. पाइपांच्या आत एक बुळबुळीत थर धरतो, त्याला बायोफिल्म म्हणतात, जंतू त्याच्या आड लपतात आणि वरून टाकलेलं क्लोरीन तिथपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून आम्ही पहिलं पाणी भरून त्यात लाइन साफ करायचं पर्ज टाकतो, जेट फिरवतो, बाटलीवर लिहिलेला वेळ ठेवतो आणि ते पाणी सोडून देतो. कधी कधी नव्या कोऱ्या टबातून एवढा तपकिरी फेस वर येतो की मालकाचा विश्वास बसत नाही. मग टब पुसून दुसरं पाणी, त्यात लोक बसणार.

पाणी कुठलं आहे तेही आम्ही विचारतो. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असतं, तांबंही असू शकतं, पाणी भरताना काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि क्लोरीन टाकलं की तपकिरी नाहीतर हिरवट होतं, लोक घाबरून फोन करतात की शेवाळ आलं. शेवाळ नसतं, धातू असतो. अशा ठिकाणी नळीला लावायचा फिल्टर लावून भरायचं. उलट सॉफ्टनरचं पूर्ण मऊ पाणीही चांगलं नाही, फेस फार होतो आणि कॅल्शियम फार कमी असलेलं पाणी धातूला खात जातं. कॅल्शियम साधारण १५० ते २५० पीपीएम असावं. पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम, एवढंच, त्याला घाबरायचं काही कारण नाही.

मग येतो क्रम. आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग सॅनिटायझर. पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, आणि अल्कलिनिटी म्हणजे तो आकडा सावरून धरायची पाण्याची ताकद. अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएममध्ये बसवली की पीएच फार उड्या मारत नाही. कमी असेल तर सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे साधा खायचा सोडा, त्याने वाढते. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा आणि हा आकडा कुणाच्या हौसेसाठी नाही. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतं, एक जंतू मारणारं आणि एक जवळजवळ निकामी. पीएच ७.५ च्या आसपास निम्मं निम्मं असतं, ८ वर गेला की कामाचं रूप साधारण पाव भागावर येतं. म्हणजे टेस्ट स्ट्रिपवर (पाण्यात बुडवून रंग बघायची पट्टी) क्लोरीन भरपूर दिसतंय आणि पाणी तरी गढूळ, असं म्हणणाऱ्यांना आम्ही पहिला प्रश्न पीएचचा विचारतो. टबात पीएच सारखा वर का जातो याचंही कारण आहे, जेटच्या हवेने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. म्हणून उगीच तासन्‌तास हवा चालू ठेवू नका. चढलाच तर ड्राय ॲसिड, म्हणजे पीएच उतरवायची पावडर, थोडं थोडं टाकून उतरवायचा, एकदम नाही, टाकलं की पंप फिरवा, थांबा, परत तपासा.

सॅनिटायझर कोणतं, यावर गिऱ्हाइकांशी आमच्या सगळ्यात लांब गप्पा होतात. क्लोरीन किमान ३ पीपीएम, ब्रोमीन असेल तर किमान ४, याच्या खाली पाणी बसण्यालायक नाही. सुरुवातीला आम्ही सरसकट डायक्लोर ग्रॅन्युल्स (क्लोरीनचाच एक दाणेदार प्रकार) द्यायचो कारण वापरायला सोपं, लवकर विरघळतं, १००० लिटरला ५-६ ग्रॅम टाकलं की साधारण ३ पीपीएम येतं. पण डायक्लोरबरोबर सायन्युरिक ॲसिडही पाण्यात जातं, दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ९ पीपीएम, आणि ते उडून जात नाही, साठत राहतं आणि क्लोरीनला ढिलं करतं. उघड्या पूलमध्ये उन्हापासून क्लोरीन वाचवायला त्याचा उपयोग आहे, झाकण असलेल्या टबाला त्याची तेवढी गरज नसते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्लाही हॉट टबात ते नको असाच आहे. म्हणून आता आम्ही साधं, सुगंध नसलेलं लिक्विड हायपोक्लोराइट (पातळ क्लोरीन) नाहीतर ब्रोमीन सुचवतो. ब्रोमीन गरम पाण्यात चांगलं टिकतं, पीएच थोडा वर गेला तरी काम करतं, वासही कमी. ज्यांना रोज मोजून टाकायला जमत नाही त्यांना फ्लोटरमधलं (पाण्यावर तरंगणाऱ्या डबीतलं) ब्रोमीन सोयीचं जातं, पण त्यांनाही तपासणं सुटलेलं नाही. ट्रायक्लोर या क्लोरीनच्या पूलवाल्या गोळ्या मात्र टबात टाकू नका, खूप ॲसिडिक असतात, टबाचा पृष्ठभाग आणि हीटर दोन्ही खराब करतात.

ओझोन वायू आणि यूव्ही किरणांनी पाणी शुद्ध करणारी यंत्रं असलेला टब घेतला म्हणजे केमिकल लागणारच नाही असं ऐकून काही जण येतात. ही यंत्रं चांगली आहेत, आम्ही बसवतोही, पण ती काम करतात ती पाइपातून जाणाऱ्या पाण्यावर, टबात तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाकडून पाण्यात आलेल्या जंतूवर नाही. पाण्यात टिकून राहणारं काहीतरी लागतंच. सॉल्ट सिस्टिमही मिठातून क्लोरीन किंवा ब्रोमीनच बनवते. हे ऐकून एखादा गिऱ्हाईक नाराज होऊन जातो, जाऊ दे, खोटं सांगून टब विकायचा नाही असं आमचं दोघांचं पहिल्यापासून ठरलेलं आहे.

रोजची सवय काय लावायची तर बसण्याआधी तपासा आणि उठल्यावर डोस द्या. किती जण किती वेळ बसले त्यावर डोस ठरतो, दोघं अर्धा तास आणि सहा जण दोन तास याला एकच चमचा कसा पुरेल. केमिकल टाकताना पंप चालू, कव्हर निदान १५-२० मिनिटं उघडं, नाहीतर वाफ कव्हरच्या खालून त्याला खाते आणि मग कव्हर का फाटलं म्हणून वॉरंटीचा वाद. बसण्याआधी साबण लावून शॉवर घ्या, स्विमसूट डिटर्जंटमध्ये धुतला असेल तर साध्या पाण्यात खळखळून काढा, निम्मा फेस तिथेच थांबतो. आणि क्लोरीनचा उग्र वास आला तर क्लोरीन जास्त झालं असं समजून बंद करू नका, तो वास बहुतेक क्लोरामाइनचा, म्हणजे घाम-मळाशी अडकून थकलेल्या क्लोरीनचा असतो, तिथे आणखी ऑक्सिडेशन लागतं, म्हणजे मळ जाळून टाकणारा एकदम मोठा डोस, त्याला शॉक म्हणतात. क्लोरीन नसलेला शॉक मिळतो, तो मळ जाळतो पण जंतू मारण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकायची नाही.

एक गोष्ट मी हँडओव्हरच्या वेळी दोनदा सांगते. दोन केमिकल कधीही कोरडी एकत्र करू नका, एकाचा चमचा दुसऱ्यात नाही, वेगवेगळी क्लोरीनसुद्धा एकमेकांत नाही, त्याने आग लागू शकते. ॲसिड आणि क्लोरीन जवळ आले की विषारी वायू निघतो. केमिकल पाण्यात टाकायचं, केमिकलवर पाणी ओतायचं नाही. डबे कोरड्या, हवेशीर जागी, मुलांचा हात पोचणार नाही असे. तसंच पाच वर्षांखालच्या मुलांना टबात घेऊ नका, गरोदर बायकांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

टेस्ट स्ट्रिपची बाटली ओल्या हाताने उघडली की उरलेल्या स्ट्रिपा गेल्या. आणि क्लोरीन खूपच जास्त असेल तर टेस्टचा रंग उडतो आणि शून्य दिसतं, म्हणून आत्ताच भरपूर टाकलेलं असताना शून्य आलं तर लगेच अजून ओतू नका, थोडं पाणी घेऊन त्यात निम्मं साधं पाणी मिसळून परत बघा.

फिल्टर दर आठवडा-दोन आठवड्यांनी नळीखाली पट्टी पट्टी उघडून धुवा, महिन्यातून एकदा फिल्टर क्लीनरमध्ये भिजवा, प्रेशर वॉशर मारू नका, कापड फाटतं. दोन फिल्टर असले तर एक वाळत असताना दुसरा लावता येतो, हा खर्च आम्ही सगळ्यांना करायला सांगतो. आणि पाणी बदला. टबाचे लिटर भागिले १२, त्याला रोजच्या माणसांनी भागा, तेवढ्या दिवसांनी. १२०० लिटर आणि रोज दोघं म्हणजे साधारण ५० दिवस. वापर कमी असला तरी तीन-चार महिन्यांच्या पुढे ताणू नका, विरघळलेला मळ आणि क्षार कुठल्याही औषधाने जात नाहीत. सोडण्याआधी पर्ज परत, आणि क्लोरीन उतरल्यावरच पाणी बाहेर सोडा, झाडांच्या मुळाशी किंवा ओढ्यात नाही.

आता आमच्याकडे टीम आहे, बसवायला वेगळी मुलं, सर्व्हिसला वेगळी, पण पाण्याचा पहिला धडा द्यायला दादा किंवा मी, दोघांपैकी कुणीतरी जातोच. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने स्ट्रिप बुडवायची, स्वतः वाचायची, स्वतः मोजून टाकायचं, आम्ही शेजारी उभं राहायचं. पहिले काही दिवस ते आकड्यांचा फोटो पाठवतात, आम्ही उत्तर देतो. दुकानात पूर्वी फेस घालवायची बाटली, पाणी चमकवायची बाटली, सुगंधाची बाटली असं बरंच काही मांडलेलं असायचं, हळूहळू त्यातलं बरंच काढून टाकलं कारण ज्याचं पाणी मुळात बरोबर आहे त्याला ते क्वचितच लागतं. विक्री त्या बाजूने कमी झाली आणि जळलेल्या हीटरचे फोनही कमी झाले. सध्या दादा सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी एक साधी कार्डवजा माहिती लिहितोय, कारण तो प्रश्न फार येतो: थोडे दिवस जात असाल तर तापमान उतरवा, डोस देऊन कव्हर लावा, शक्य असेल तर शेजाऱ्याला मधे एकदा तपासायला सांगा, आणि परत आल्यावर पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी आधी स्ट्रिप, मग शॉक, आकडे बसल्यावरच जेट चालू.